हनुवटीचा कौल

टाचण्या ओठांत धरू नयेत, हे मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी जन्मभर ओठांतच धरल्या. दोन्ही हात कापडात गुंतलेले असताना टाचणी ठेवायची कुठे, कपाळावर? गिऱ्हाईक आरशापुढे उभं असतं, खांदा उतरतोय की पाठीला चुणी पडतेय ते बघायचं असतं, आणि वर तिच्या सासूच्या तक्रारींना हूं हूं करायचं असतं. ओठांत टाचण्या असल्या की उलट बोलता येत नाही, हाही एक फायदा. माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं आमच्या पेडण्याकडच्या गावात सगळे म्हणतात. ते काही खोटं नाही.

शिगम्याच्या आधीची गोष्ट. समोरच्या घरातली शेजारीण ब्लाउजचं माप बघायला आली होती. पिवळं कापड, हळदीसारखं. मी तिच्या काखेतली शिवण धरून वाकले होते, इतक्यात ती ओरडली, "गो बाय, तुझ्या ओठातसून रगात येता!"

मी वर आरशात पाहिलं. एक टाचणी खालच्या ओठात चांगली आरपार रुतली होती. रक्ताचा थेंब हनुवटीवरून ओघळून तिच्या पिवळ्या कापडावर पडला होता. आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी टाचणी उपटून काढली. तरी नाही. ओठाला चिमटा काढला, हनुवटीवर नख रोवलं, शेजारणीला म्हटलं, तू मार गो एक टिचकी. तिनं मारली. दुसऱ्याच कुणाची तरी हनुवटी माझ्या तोंडाखाली शिवून ठेवल्यासारखं वाटत होतं.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. चहा पिताना डाव्या बाजूनं थेंब गळायचा. जेवताना भाताचं शीत हनुवटीला चिकटून राहायचं आणि मला पत्ता नसायचा. आमचे हे समोरून स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खूण करायचे, की मी पुसायची. एकदा एका लग्नात पंगतीत बसलो होतो, चारचौघांत, तर यांनी काही न बोलता आपला रुमाल काढून माझी हनुवटी पुसली होती. या वयात! शेजारच्या बायका खुसखुसल्या. मी यांना दटावलं, पण मनातून मला बरं वाटलं होतं. माणूस किती बघतो आपल्याकडे, असं वाटलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं ते याच माणसानं केलं.

मुलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. कॅन्सर. त्या वेळी सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून सगळं सांगितलं. हे तेव्हा खाणीवरचा ट्रक चालवायचे, डिचोलीतून नदीच्या धक्क्यापर्यंत लोखंडाची माती न्यायची, तिथून ती बार्जमधून मुरगावच्या बंदरात जायची. डॉक्टर बोलत होते आणि हे आपल्या लाल मातीच्या नखांकडे बघत होते. काय करायचं ते मीच सांगितलं. म्हटलं, काढून टाका, सगळं काढा, मला त्याचा काही उपयोग राहिलेला नाही. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, मग शेक झाले. शेक म्हणजे त्या मोठ्या यंत्राखाली निजवून किरणं मारतात ते. तळघरातली ती थंडगार खोली, ते जाड दार, मला अजून डोळे मिटून कागदावर काढून दाखवता येईल.

पुढं वर्षानुवर्षं रोज एक गोळी. ब्लाउजच्या डाव्या बाजूसाठी मी स्वतःच मोहरीची पुरचुंडी शिवली, कारण कापूस हलका पडतो आणि खांदा वर जातो. मोहरीला वजन असतं, ती अंगाच्या उबेनं गरमही होते. माझं बघून आजूबाजूच्या गावांतल्या दोघीतिघी लपतछपत यायच्या, त्यांनाही मी शिवून दिल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं साफ आहे. मी त्या दुखण्याशी मनातल्या मनात सौदा केला होता, की एक घेतलंस ना, मग आता वाटेला जा. त्यानं सौदा पाळला असं मी धरून चालले.

तर त्या टाचणीनंतर मी म्हापशाच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं तोंडात दिवा घातला, डावीकडची शेवटची दाढ किडलीय म्हणाला, तिनंच नस दाबलीय. काढली. छान चांगली मजबूत दाढ होती, मी तिच्यानं सुपारी फोडायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! दाढ गेली आणि बधिरपणा तिथंच. वर आता जबड्यात आतून ठणका सुरू झाला. तेव्हा कुठे त्यानं विचारलं, मोठं काही दुखणं झालं होतं का आधी? मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. दाढ दाखवायला गेलेली बाई छातीची कथा कशाला सांगत बसेल, आणि यानंही आधी विचारलं नव्हतं. त्यानं मला परत त्याच मोठ्या इस्पितळात धाडलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कापसाचा बोळा माझ्या गालावर, ओठावर, हनुवटीवर फिरवला, डोळे मिटून सांगायला लावलं, आता लागतंय का, आता? मग यंत्रात घालून फोटो काढले. दाढेच्या खड्ड्यातून आतला बारीक तुकडा तपासायला काढला. नंतरच्या खेपेला हे आणि मुलगी दोघंही बरोबर आली. मुलगी म्हापशाला दिलीय, बँकेत आहे, रजा काढून आली होती. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टरीण माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा हं, काकी."

मी बाहेर बसले. बाकावर बसून समोरून जाणाऱ्या एका बाईच्या पंजाबी ड्रेसची बाही कशी चुकलीय ते बघत बसले. दोघं बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा मुलीनं तोंड धुतलेलं होतं. यांनी मला सांगितलं, दाढ काढताना नस दुखावलीय, हळूहळू सुधारेल. रोजची गोळी बदलली, "नसेची" म्हणून. महिन्याला एक इंजेक्शन, "हाडांच्या ताकदीचं". मी विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? छातीची बातमी ज्या माणसाबरोबर बसून ऐकली, तो हनुवटीची लपवील हे स्वप्नात तरी येईल का कुणाला?

त्यानंतर गावाला काय झालं कुणास ठाऊक, सगळे माझ्याशी भारीच गोड वागायला लागले. बायका यायच्या आणि बाल्कावावर, म्हणजे आमच्या दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसून माझ्याकडे नुसत्या बघत राहायच्या. कुणी पेरू आणून द्यायची, कुणी कोकमाचं आगळ. भाव करायच्या बंद झाल्या. एका गिऱ्हाइकाचा गळा मी चक्क बिघडवला, तर म्हणते, आसूं दे गो, बरोच दिसता. एरवी हीच बाई एका हुकासाठी गाव डोक्यावर घेते. मला वाटलं, दुखतंय म्हणून दया करतात. चांगली आहेत हो माणसं, असंसुद्धा मी यांच्याशी बोलले. हे उठून गाडी धुवायला गेले. खाणी बंद पडल्यापासून हे शाळेच्या पोरांची गाडी चालवतात. ती त्या दिवसांइतकी चकचकीत कधी नव्हती, कारण मी बोलायला लागले की हे ती धुवायला जायचे.

आणि काम! काम तर असं आलं की जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, असलेल्या माझ्या मशीनच्या बाजूला कापडांचा ढीग लागला. जो तो म्हणे, माझा आधी. ऐन मे महिन्यात चवथीचे, म्हणजे गणपतीचे, ब्लाउज. शेजारीण एकदम चार कापडं घेऊन आली.

"माझे आदी कर गो. चवथीक होये."

मी म्हटलं, "चवथ? अजून पणस पिकान संपाक नाय, नि तुका चवथ खंयसून आठवली?"

"तरी पण. मागीर..." नंतर काय, ते न सांगता ती थांबली.

"मागीर काय?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे? मागीर माझे हात झडतले?"

माझ्या ओठांत टाचण्या नव्हत्या, त्यामुळं मी सोडली नाही. धरलीच तिला. ती आधी घाबरली, मग रडायला लागली, मग उलट माझ्यावरच चिडली. "माका बोलूक लावू नको," म्हणाली. "देवाचो कौल डावो पडलो. तुका सांगूचां नाय म्हणान देवान सांगल्यान. आमी सगळ्यांनी तोंड बंद ठेवलां."

"कसलो कौल? काय सांगूचां नाय?"

"तुझ्या हनवटीत तां परत इलां न्हय? छातीतलां."

मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं. ते फिरत नव्हतंच, तरी धरलं.

मग तिनं सगळं सांगितलं. इस्पितळातून आल्यावरच्या रविवारी आमचे हे आणि माझी मुलगी ग्रामदेवाच्या देवळात गेली होती. आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. देवाच्या दगडी मूर्तीला फुलांच्या पाकळ्या भिजवून उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि पाकळी कुठली पडते ते बघायचं. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. जमीन घ्यायची का, सोयरीक जुळवायची का, सगळं विचारतात. मीही मुलीच्या सोयरिकीला लावला होता. या दोघांनी काय विचारावं? दुखणं परत आलंय ते हिला सांगायचं की नाही! आणि गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. गुरव खड्या आवाजात घालतो, देवळात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि दर वाक्याला सगळ्या गावानं एका सुरात साथ द्यायची असते. त्या रविवारी देऊळ भरलेलं होतं.

"बा देवा म्हाराजा," गुरव म्हणाला असणार, मी डोळ्यांपुढे आणू शकते, "ह्या तुझ्या लेकराच्या बायकोक जो आजार छातीत झाल्लो, तो आता हनवटीत परत इलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो तिका सांगूचो जाल्यार उजवो दी, सांगूचो नाय जाल्यार डावो दी..."

"व्हय म्हाराजा!"

डावी पाकळी पडली. मग काय, देवाचीच आज्ञा. अख्खं गाव मूग गिळून बसलं. मला कळू नये म्हणून यांनी ते गावभर ओरडून सांगितलं होतं! ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात, इथं तर ताकाचा गावभर बाजार मांडून भांडं फक्त माझ्यापासून लपवलं होतं. खरं सांगू, मला आधी हसूच आलं. मग शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "तुझो घोव सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' म्हणा होतो गो, रडत रडत." तेव्हा माझं हसू गेलं.

हे आले तेव्हा मी ओट्यावरच बसले होते. यांच्या हातात फणस होता. मी म्हटलं, "फणस खाली ठेवा." यांनी ठेवला. माझा चेहरा बघूनच यांना कळलं. मग मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. शिरा पडो तुमच्या तोंडार, इथून सुरुवात केली होती, तेवढ्यावरून समजा. हे खाली मान घालून ऐकत होते.

"तू भियातलंस म्हणान," एवढंच म्हणाले. "आमका काय समजना जालां. म्हणान देवार घातलां."

"देवार घातलां नि माका खड्ड्यात घातलां. पयल्या वेळाक कोण भियालां होतां? मी की तुमी?"

मी मुलीला फोन लावला, तर ती फोनवर नुसती रडत राहिली, "आई, देवानंच नाही म्हटलं ना गं." बँकेत बसून लोकांचे हिशेब तपासते ही, आणि आईचा जीव पाकळीवर ठेवते. मी फोन आपटला. केसानं गळा कापला म्हणतात तो असा. परक्यानं कापला असता तर मी दोन दिवसांत विसरले असते.

एकच माणूस उरलं होतं. माझी धाकटी बहीण, डिचोलीजवळ सर्वणला दिलेली. माहेरही आमचं त्याच बाजूला. लहानपणापासून माझं काही तिच्यापासून लपलेलं नाही आणि तिचं माझ्यापासून. माझ्या ऑपरेशनची जखम पहिल्यांदा उघडून बघितली ती तिनं, मी नाही. हिला माहीत नसणार, मी स्वतःला बजावून सांगत होते. माहीत असतं तर ती धावत आली असती. दुसऱ्या दिवशी मी यांना न सांगता निघाले. म्हापशाला बाजाराचा शुक्रवार, बस स्टँडवर मिरच्यांची, सोलांची, फुलझाडांची गर्दी, डिचोलीच्या गाडीत उभ्यानं गेले. हनुवटीला रुमाल धरून ठेवला होता, कारण लाळ सुटली तर कळत नाही.

बहीण मिरच्यांच्या वाफ्यात होती. मला बघितलं आणि तिच्या हातातला कोयता खाली पडला. बस, तिथंच मला समजलं.

"तुका कोणी सांगलां?" तिनं विचारलं. तिचा पहिला प्रश्न हा! "बरी आसस मा?" नाही, "बस" नाही. तुका कोणी सांगलां.

आम्ही दोघी बांधावरच बसलो. तिला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. मुलीनं इस्पितळाच्या पायऱ्यांवरूनच तिला फोन केला होता. आणि आता ऐका हं. ही माझी बहीण आमच्या माहेरच्या देवाकडे गेली होती. तिनंही कौल लावला होता. तोच प्रश्न, सांगू की नको सांगू.

"मगे? काय पडलां?"

तिनं बांधावरची माती उकरली. "उजवो."

"उजवो म्हणजे सांग म्हणान!"

"व्हय."

"मगे सांगलंस कित्या नाय?"

"तुझ्या सासरच्या देवान नाय म्हटल्यान ना. तू आता त्या घरची. सासरच्या देवाच्या फुडे म्हायरच्या देवाचां काय चलतां?"

दोन देव, दोन उत्तरं, आणि त्यातही माहेरवाशिणीचं माहेर हरलं. लग्नात ताटं आधी कुणाची, मान आधी कुणाचा, हे भांडण मी जन्मभर बघितलंय, पण ते माझ्या जबड्याच्या हाडापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. तिला मी फार बोलले नाही. यांच्यावर ओरडता आलं होतं, हिच्यावर आवाजच फुटेना. तिनं जेवायला वाढलं. दोन घास गिळले आणि निघाले. तिनं मिरच्या बांधून दिल्या होत्या, त्या मी तिच्या ओट्यावर ठेवून आले.

सोमवारी एकटी इस्पितळात गेले. तीच डॉक्टरीण. तिनं सवयीनं माझ्या मागं दाराकडे पाहिलं, बरोबर कोण आलंय म्हणून.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच आहे. दुखणं माझं आहे, म्हणून मीच आलेय. आता मला सांगा."

ती जरा गडबडली. "घरच्यांनी हात जोडले होते हो, काकी. मी त्यांना म्हटलं होतं, त्यांना सांगायला हवं."

"मग सांगायचं. तोंड होतं ना तुम्हाला? तुमचं बधिर नाही."

तिनं मग खुर्ची पुढं ओढून घेतली, माझ्या यंत्रातल्या फोटोंचा पडदा माझ्याकडे वळवला आणि सगळं नीट समजावलं. हे मी तिचं मान्य करीन. छातीतून सुटलेल्या पेशी रक्तातून कधीच निघून गेलेल्या असतात, म्हणाली, ऑपरेशनच्याही आधी. कुठे तरी जाऊन वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात, मग जाग्या होतात. बहुतेक वेळा पाठीचा मणका, खुबा, फुप्फुस, यकृत, डोकं. पण कधी कधी भलत्याच जागी निघतात. कुणाच्या पोटाच्या पिशवीत, मग दोन घासांत पोट भरतं आणि बाई पित्ताच्या गोळ्या खात बसते. कुणाच्या डोळ्यामागे, कुणाच्या पापणीत, कुणाच्या हिरडीत. एकीच्या म्हणे बेंबीत निघाला होता. माझ्या खालच्या जबड्याच्या हाडात, जिथून ओठाची नस जाते, अगदी तिथं. म्हणून ओठ आणि हनुवटी बधिर. बाकी अंगात एका बरगडीवर ठिपका आहे, दुसरीकडे कुठे नाही.

मी विचारलं, "मग मी मरणार कधी? गावातल्या बायकांना चवथीच्या आधी ब्लाउज हवेत."

तिला ते समजलं नाही, पण ती म्हणाली, "असं कुणी सांगितलं? हे पुरतं जाणारं नाही हे खरं आहे. पण गोळ्यांवर वर्षानुवर्षं काढणारे माझ्याकडे कितीतरी आहेत. मी घरच्यांना हेही सांगितलं होतं. आणि शेक लगेच घ्या म्हटलं होतं, जबड्याला. थोड्याच खेपा. दुखणं थांबतं, हाड वाचतं, लवकर केलं तर नसही थोडी परत येते."

"शेक?"

"हो. ते म्हणाले, विचारून सांगतो. परत आलेच नाहीत. कुणाला विचारायचं होतं?"

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. त्या जाड दाराची खोली मी ओळखते. मला तिथं नेलं असतं तर दारातच कळलं असतं, आणि देवानं तर सांगू नको म्हटलेलं. म्हणून शेक नाही. लपवायचं ठरलं, म्हणून उपचारच नाही. मी रोज मशीनवर बसून ठणक्यानं रडकुंडीला येत होते, लवंग चावत होते, हे समोरच्या कदेलावर, आपल्या खुर्चीत, बसून बघत होते, आणि यांना माहीत होतं की यावर इलाज आहे. मला भीतीपासून वाचवायला यांनी माझा जबडा देऊन टाकला. याचं मला रडू आलं. दुखणं परत आलं याचं नाही आलं, याचं आलं. डॉक्टरिणीनं पाणी दिलं, ते मी पुसत पुसत प्यायले.

"आता शेक घेतले तर ओठ परत येईल?" मी विचारलं.

"दुखणं नक्की कमी होईल. ओठाचं आता सांगता येत नाही. उशीर झालाय."

आठवड्यात सगळं मोजून-मापून झालं आणि पुढच्या सोमवारपासून शेक ठरले. माझं मी ठरवलं. घरी येऊन यांना एवढंच म्हटलं, "रविवारी देवळात यायचंय." यांनी का म्हणून विचारलं नाही. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी जेवणाखेरीज बोललो नाही. रुमाल मात्र हे रोज धुऊन माझ्या मशीनवर ठेवत होते, आणि मी तो वापरत नव्हते.

रविवारी देऊळ भरलेलं होतं. मला बघून बायकांनी पदर सारखे केले. शेजारीण खांबाआड गेली. गुरव पाकळ्यांची वाटी घेऊन पुढं झाला, "काय इचारूचां, बाई?"

"काय इचारूचां नाय. पाकळे लावू नको. मी गाऱ्हाणां घालूक इलंय."

"गाऱ्हाणां मी घालतंय."

"माझां तू एकदा घातलंस. आता मी घालतलंय."

बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं आमच्या देवळात मी तरी ऐकलेलं नाही. कुणी तरी मागून काही तरी पुटपुटलं. पण मला अडवायला कुणी पुढं आलं नाही. कुठल्या तोंडानं येणार होते? मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, आणि खालचा ओठ बधिर असल्यामुळं 'बा' नीट उमटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "बा देवा म्हाराजा! माझ्या छातीतलो कॅन्सर माझ्या हनवटीच्या हाडात इलेलो आसा. तुका म्हायत होतां. गावाक म्हायत होतां. आता माकाय कळलां. उद्यापासून मी शेक घेवक जातलंय. चवथीचे ब्लाउज चवथीक गावतले, त्याच्या आदी नाय. नि ह्याच्या फुडे माझ्या जिवाचां काय इचारूचां जालां, तर पयलां माका इचारूचां, मागीर तुका!"

आता सगळ्यांनी साथ द्यायची असते. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. कुणी दिली नाही. गुरव वाटीतल्या पाकळ्यांकडे बघत होता. मी यांच्याकडे पाहिलं. माझ्यापासून लपवायच्या दिवशी सगळ्यांत मोठा आवाज यांचा होता. यांचे ओठ थरथरले. आवाज आला नाही.

मी वाट बघितली. मग मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि बाहेर येऊन चपला घातल्या.

हे मागून आले. पायरीवर थांबले. त्यांचा चेहरा रडून सुजला होता, आणि खरं सांगते, मला दया आली नाही.

"फाल्यां मी येव?" यांनी उद्याच्या शेकाचं विचारलं. "गाडी घेवन."

"येवा," मी म्हटलं. "गाडी चलवा. तोंड पुसूचां जालां तर पुसा. पण दाक्तराकडे आत मी जातलंय. तुमी भायर बसा."